खालच्या रेघेचा कोन

आमचे साहेब मिस्टर ऑक्स हॅम भरलेलं पावासारखं बिस्किट खात आमच्या खोलीत आले आणि तेलकट अंगठा त्यांनी थेट फोटोच्या काचेवर टेकवला. काचेवर विमानाच्या छोट्या मॉडेलचा फोटो होता आणि त्याच्या नाकापासून मागे पसरलेल्या हवेच्या धक्क्याच्या दोन काळ्या रेघा, एक वर, एक खाली.

व्हर्जिनियातल्या या वाऱ्याच्या बोगद्यात मॉडेलवर प्रचंड वेगानं हवा सोडून विमानं तपासत, आणि रेघांचे कोन मोजायचं काम आम्हा बायकांचं. वेग वाढला की छत्री मिटावी तशा त्या मॉडेलच्या अंगाजवळ येतात. आवाजाच्या दुप्पट वेगाला बरोबर तीस अंश. मॉडेल जरा कलतं बसलं की एक कोन कमी भरतो, दुसरा जास्त. म्हणून दोन्हींची सरासरी धरायची. वरचा तीस आला होता, खालचा चौतीस. म्हणजे खरा बत्तीस. बोगदा दुप्पट वेगाला पोचलाच नव्हता, आणि त्या वेगात शेपूट विमानाला सरळ धरेल की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"वरचाच लिही, विल्मा," ऑक्स म्हणाले. "खालची रेघ पुसट आहे."

"तुमच्या अंगठ्यानं झालीय ती पुसट."

"तू मोजायचं काम कर. तोंड कमी चालव."

धड खोटं बोलायचीही मेहनत नको होती या माणसाला. एक खरा आकडा ठेवायचा, दुसरा खरा आकडा गाळायचा. मला त्यांच्याकडे बघवेना.

येत्या शुक्रवारी ते खरं विमान दुप्पट वेगानं उडवणार असलेला वैमानिक डेल हेस्टी बाहेरच कॉफी पीत उभा होता. मी त्याला आत बोलावलं, काच पुसली आणि कोनमापक त्याच्या हातात दिला. "जीव तुमचा आहे. तुम्हीच मोजा."

त्याने खालचा कोन दोनदा मोजला. "चौतीस," म्हणाला आणि तसाच वाकून राहिला. मला वाटलं, आता हा ऑक्सची गचांडी धरणार.

"दुसऱ्या तळावरचा तो वैमानिक गडी पुढच्या महिन्यात दुप्पट वेग गाठतोय, मला त्याच्या आधी गाठायचाय," तो हळूच मला म्हणाला. "तीसच राहू द्या ना, मिस टॅडलॉक."

"आणि शेपूट?"

"धरेल की."

मी सही करणार नाही म्हटलं. त्याने माझीच पेन्सिल उचलली, तक्त्यावर तीस लिहिले आणि मोजणाऱ्याच्या रकान्यात स्वतःची सही ठोकली.

"आता झालं ना?" हे त्याने ऑक्सना विचारलं. ऑक्सची शिसारी मला रोजचीच होती. पण मरायला निघालेल्या माणसाची शिसारी येईल, असं कधी वाटलं नव्हतं.