माझ्यात जागा ठेवा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी होडी आहे आणि सध्या फार वैतागलेली आहे. सुताराने मला घडवलं तेव्हा त्याची बायको फळ्यांच्या फटींत कापूस ठासत म्हणाली होती, "हिला गळू देऊ नका हं, हिच्यात लेकरंबाळं बसायची आहेत." त्यानंतर मी किती वर्षं नदीच्या या काठावरून त्या काठावर गेले! माझ्यातून नवऱ्या मुली गेल्या, शेळ्या गेल्या, एकदा तर शिलाई मशीनही गेलं. पूर पूर्वीही यायचे. तेव्हा जो पोहोचेल तो हात द्यायचा आणि घरी जाऊन अंग पुसायचा. फोटो कोणी काढत नसे.

यंदाच्या पुराचं ऐका. पाणी गावात शिरलं. एका गच्चीवर एक सून आणि अर्धांगवायू झालेली तिची सासू अडकल्या होत्या. पाणी जिन्याच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत चढलं होतं. माझा नावाडी मला घेऊन निघणार, तेवढ्यात काठावर नेते आले.

"थांब रे, साहेब स्वतः येतायत मदतीला," त्यांचा एक कार्यकर्ता ओरडला.

साहेब बसले. त्यांचे चार कार्यकर्ते बसले. फोटोवाला बसला. साहेबांचा चेहरा छापलेल्या जेवणाच्या पाकिटांची पोती बसली. माझ्या कडा पाण्याला टेकल्या. नावाडी म्हणाला, "अहो, येताना त्या दोघींना कुठे बसवू?" कोणी ऐकलंच नाही. सगळे केस सारखे करत होते.

आम्ही गच्चीशी लागलो. साहेबांनी हसून पाकीट पुढे केलं.

"पाकीट काय करू?" सून कातावली. "सासूबाईंना खाली न्या आधी! पाणी वर येतंय."

"काळजी करू नका ताई, मागून दुसरी होडी येतेय."

मी मागे पाहिलं. मागे नुसतं पाणी होतं.

"आणि हे तोंड आम्हाला माहीत आहे," गच्चीवरच्या खाटेवरून सासूबाई म्हणाल्या. "मतांच्या वेळी येतं."

फोटोवाल्याचं चित्त वेगळ्याच ठिकाणी होतं. "साहेब, होडीतून नीट येत नाही. वर चढा, आजींचा हात हातात घ्या." साहेब चढले. आपण फोटोत नसलो तर कसं, म्हणून चारही कार्यकर्ते चढले. ते सगळे मावावेत म्हणून फोटोवालाही चढला आणि मागे सरकत पार टाकीला टेकला. साहेबांनी आजींचा हात धरला, फोटो निघाला आणि तो बघायला सगळे फोटोवाल्याभोवती जमले.

मी एकदम हलकी झाले. नावाड्याने पोती गच्चीवर भिरकावली. "सूनबाई, धरा आजींना खांद्याखाली. मी पाय धरतो." दोघांनी सासूबाईंना माझ्यात निजवलं, सून उशाशी बसली आणि नावाड्याने वल्हं मारलं.

"अरे ए! आम्ही कसं यायचं?" साहेब ओरडले.

"दुसरी होडी येतेय ना साहेब!" नावाडी म्हणाला. "भूक लागली तर पाकिटं आहेतच."

सासूबाई इतक्या हसल्या की सुनेला त्यांचा पदर सावरावा लागला. काठावर डॉक्टरीणबाई वाट पाहत होत्या. त्यांनी नाडी धरली आणि म्हणाल्या, "वेळेवर आणलंत."

साहेबांनाही आम्हीच परत आणलं. पाण्यात अडकलेल्याला सोडून यायची आमची रीत नाही. पण गुण बघा त्यांचे! आठवड्यात चौकात भलामोठा फलक लागला. साहेबांनी आजींचा हात धरलाय, खाली लिहिलंय, 'प्राण वाचवणारा नेता.' नावाडी नाही, सून अर्धी कापलेली. माझं तर टोकसुद्धा नाही.

नसू दे. मला फलकावर यायची हौस नाही. पण त्या दिवशीच्या ओझ्याने माझी एक फळी उकललीय आणि मी काठावर पालथी पडून आहे. साहेबांच्या माणसाला नावाड्याने सांगितलं, तर तो म्हणाला, "पुढच्या पुराआधी बघू."

मित्रांनो, तुम्ही तरी आत्ताच बघा. फटींत कापूस भरा, डांबर लावा. आणि पुढे कधी पाणी चढलं, मदत करायची इच्छा झाली, तर काठावर उभे राहून दोर धरा. गच्चीवर कोणीतरी वाट पाहत असतं. माझ्यातली जागा त्याची आहे.