सात नंबरचा चष्मा

दिघीच्या शाळेत ते दहा व्हीआर चष्मे दीड महिन्यासाठी आले होते. डोक्याला पट्टा आवळून बांधायचा आणि आत बघायचं, की समोर धडधडणारं हृदय, नाहीतर समुद्राचा तळ. शहरातल्या मुलांना जे मिळतं ते खाडीकाठच्या मुलांनाही मिळावं, म्हणून एका कंपनीने ते शाळाशाळांत फिरवायला दिले होते. त्यांच्यासोबत नवी मुंबईचा प्रज्योत नावाचा तरुण यायचा. वर्ग सातवीचा, बाई विनिता.

तिसऱ्या आठवड्यात जवेरियाला सात नंबरचा चष्मा मिळाला. समुद्राच्या तळाचा अख्खा धडा तिने हसत हसत बघितला. मग तोच चष्मा अल्पेशने घातला आणि लगेच ओरडला, "बाई, याच्यात उजव्या बाजूला नुसता काळोख हाय!"

विनिताबाईंनी घालून पाहिला. उजव्या डोळ्यापुढचा पडदा पूर्ण बंद होता.

"जवेरिया, तू सांगितलं नाहीस?"

"मला तर सगळं दिसलं, बाई. मासे, खडक, सगळं."

बाईंना वाटलं, चष्मा नंतर बिघडला असेल. तरी मन राहीना. त्यांनी तिच्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "फळ्यावरची तारीख वाच."

जवेरियाने मान पुढे काढली. वर्गातली मुलं बघत होती. मग ती हळूच म्हणाली, "पांढरं पांढरं दिसतंय. हात काढा ना, बाई."

"हे कधीपासून?"

"असंच असतं ना? सगळ्यांचा एक डोळा चांगला असतो ना?"

मागच्या वर्षी शाळेत डोळ्यांची तपासणी झाली होती. तिथे काय केलंस, असं विचारल्यावर तिने सांगितलं, की डाव्या डोळ्यावर हात ठेवायला सांगितला तेव्हा तिने बोटांच्या फटीतून बघितलं. नापास होऊ असं तिला वाटलं होतं. त्या तपासणीच्या यादीवर 'सर्व ठीक' लिहून खाली सही केली होती ती विनिताबाईंनीच.

शनिवारी त्या जवेरियाला आणि तिच्या आईला, खतिजाला, घेऊन निघाल्या. फेरीबोटीने आगरदांडा, तिथून मुरूड, मुरूडहून एसटीने अलिबाग. जवेरियाचे वडील मोहम्मद बहारीनला एका हॉटेलात कामाला होते. बस हलत असतानाच त्यांचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा खतिजा म्हणाली, "न्हाय अजून. पोचलो का करते."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून, तासभर बसवून तपासलं.

"डोळा आतून चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण उजव्याचा नंबर लहानपणापासून खूप मोठा आहे. त्याच्याकडून नीट चित्रच येत नव्हतं, म्हणून मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकलाच नाही. पाच-सहा वर्षांची असताना आणली असतीत, सातव्या वर्षीसुद्धा चाललं असतं."

"सातव्या वर्षी," खतिजा म्हणाली, "तवा शाळा बंद होती, डॉक्टर. पोरं फोनवर शिकत होती. आमच्या घरात एकच फोन, तो मोठ्या मुलाकडं असायचा."

त्या दिवसांत तिचा वर्ग विनिताबाईंकडेच होता आणि त्या रोज सकाळी व्हॉट्सॲपच्या गटावर धडे पाठवत होत्या. कोणी बघितले आणि कोणी नाही, हे त्यांना नावानिशी कळत होतं. जवेरियाच्या नावापुढे महिनोन्‌महिने काहीच नव्हतं. तिच्यापर्यंत धडे पोहोचवायचे कसे, हे त्यांना तेव्हाही सुचलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा लिहून दिला, आणि चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावायला सांगितली. "फार आशा देत नाही. पण चार महिने करून बघू."

विनिताबाईंनी शाळेतल्या चष्म्यांचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तसल्याच चष्म्यातून मोठ्या शहरांत डोळ्यांचे व्यायाम करून घेतात. गुण किती येतो ते नक्की नाही. माझ्याकडे ती सोय नाही."

दुसऱ्या दिवशी विनिताबाईंनी प्रज्योतला फोन केला. एक चष्मा चार महिने ठेवून घेता येईल का?

"मॅडम, माझ्या हातात असतं तर आजच दिला असता," तो म्हणाला. "पण सगळे सेट लॉक आहेत, आमचे धडे सोडून दुसरं काही चालत नाही. आणि हे मेडिकल झालं. तरी मी वर विचारतो." त्याने खरंच विचारलं. उत्तर आलं नाही.

मुदत संपली तेव्हा तो पेट्या न्यायला आला. खतिजा शाळेच्या पायरीवर येऊन बसली होती. प्रज्योतने एक फॉर्म पुढे केला. किती मुलांना लाभ झाला, ते त्यात भरायचं होतं. मग जरा अडखळत म्हणाला, "मॅडम, हिच्याबद्दल लिहू का? आमच्या चष्म्यामुळेच कळलं ना. ऑफिसमध्ये आवडेल त्यांना. एखादा फोटो मिळाला तर..."

विनिताबाई नाही म्हणणार होत्या. तेवढ्यात खतिजा उठली.

"फोटो दिला तर एक चष्मा ठेवतील का, बाबा?"

प्रज्योतने खाली बघितलं. "सांगता येत नाही, चाची."

खतिजाने जवेरियाला जवळ ओढलं, ओढणी नीट केली, कपाळावरची बट आत खोचली. "काढ," ती म्हणाली. त्याने काढला. पेट्या टेम्पोत चढल्या आणि टेम्पो श्रीवर्धनच्या रस्त्याला लागला.

पुढे रोज शाळेचे शेवटचे दोन तास जवेरिया पट्टी लावून बसायची. विनिताबाई मोठी अक्षरं काढून द्यायच्या. ती वही नाकाशी धरायची, एकेक अक्षर चाचपडत वाचायची, घामाघूम व्हायची. भाषेत पहिली येणारी मुलगी 'पाऊलवाट' हा शब्द वाचायला मिनिटभर लावायची. डोकं दुखतं म्हणून काही दिवस ती पट्टी खिशात ठेवून द्यायची. बाईंना दिसायचं. त्या कधी रागवायच्या, कधी दुसरीकडे बघायच्या. दोन्हीने त्यांना सारखंच वाईट वाटायचं.

चार महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तक्ता वाचून घेतला. एका ओळीचा फरक होता. "हवं तर अजून थोडे दिवस करा," त्या म्हणाल्या. "पण आता खरं काम डावा जपायचं. चष्मा कायम डोळ्यावर हवा, खेळतानासुद्धा."

"म्हणजे उजव्याचं काही न्हाय?" खतिजाने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि पुढचा केसपेपर उचलला.

परतताना आगरदांड्याला फेरीबोट लागली होती. दिघीहून आलेल्या मोटारसायकली भराभरा उतरत होत्या. जवेरिया नेहमीसारखी पुढे निघाली. उजवीकडून आलेली एक गाडी तिच्या अगदी जवळून गेली, तरी तिची मान वळली नाही. खतिजा धावत पुढे गेली, मुलीच्या उजव्या बाजूला आली आणि तिचा दंड धरून चालायला लागली.

"अम्मी, सोड ना. मी काय लहान हाय?"

खतिजाने सोडला नाही. विनिताबाई पिशवी आणि फाइल घेऊन त्यांच्या मागून बोटीत चढल्या.