तपासणीपुरती खुर्ची

साहेब, तुम्ही मला कोणी बसावं म्हणून विकत घेतलंच नव्हतं. दाखवायला घेतलंत. हे मी तुमच्या तोंडावर सांगते, कारण मला कामावरून काढायची धमकी तुम्ही देऊ शकत नाही. फार तर मोडून टाकाल.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. वेताची बैठक, जरा मागे कललेली पाठ आणि एक पाय किंचित आखूड. सुताराने मला घडवलं, तेव्हा तो स्वतःच माझ्यावर बसून डबा जेवला आणि म्हणाला, "झकास! कंबर धरलेल्या माणसाला बरी पडेल ही." खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेले. वाटलं, आता कुठल्यातरी दुखऱ्या कंबरेची सोय होणार.

आणलं कुठे, तर या साहेबांच्या पडद्या-चादरींच्या मोठ्या दुकानात. तिथे माल विकायला सगळ्या बायका, आणि सगळ्या उभ्या. शटर वर गेल्यापासून खाली येईपर्यंत उभ्या. तागे काढायचे, उलगडायचे, गिऱ्हाइकाने नाक मुरडलं की पुन्हा गुंडाळायचे. बायकांना बसायला खुर्ची हवी, असा सरकारी नियम होता. नियम होता म्हणून मी होते. पण काउंटरमागे नव्हे. गोदामात, उशांच्या गठ्ठ्यांमागे, भिंतीकडे तोंड करून. माझा वेत खराब होऊ नये म्हणून माझ्या दोन्ही हातांना आडवी सुतळी बांधलेली. तपासणीवाले येणार असले की सुतळी सोडायची, मला ओल्या फडक्याने पुसायचं, काउंटरमागे मांडायचं आणि एखादीला माझ्यावर बसवायचं. ते गेले की मी परत गोदामात. खुर्चीला कोपऱ्यात उभं केलेलं तुम्ही कधी ऐकलं होतंत का?

बायकांवर नजर ठेवायला एक सुपरवायझर होता. माघारी सगळ्या त्याला 'शिट्टी' म्हणायच्या. कोणी काउंटरला जरा टेकली की तो गुरं हाकल्यासारखी शीळ घालायचा. "बसलेली बाई आळशी दिसते," हे त्याचं पालुपद. जेवायची सुट्टीही उभ्यानेच जायची. उशांच्या गठ्ठ्यावर बसलं तर म्हणे माल दबतो.

पडद्यांच्या काउंटरवर एक उंच बाई होती. शिडी न लावता वरच्या फळीवरचा तागा काढायची, म्हणून तिचं नाव पडलं लंबूताई. तिला दिवस गेले. ते मला गोदामातच कळलं, कारण डबा खायला ती तिथेच यायची. सोबत टॉवेलच्या काउंटरवरची मावशी असायची. मावशीने तीन पोरं वाढवलेली आणि तोंड एकदम फाटकं.

पोटात पहिल्यांदा हललं तेव्हा लंबूताईला वाटलं गॅस झालाय. ओवा शोधत होती बिचारी. मावशी घास तोंडात धरून हसली. "अगं येडे, गॅस नाही, तुझं पोर आहे ते!"

मग डॉक्टरीणबाई जे सांगतील ते लंबूताई इथे येऊन सांगायची. आता त्याला बाहेरचं ऐकू येतं. लगेच मावशी पोटाशी वाकून ओरडायची, "बाळा, ती शिट्टी ऐकू नकोस रे, बिघडशील!" पुढे बाळाला उचक्या लागायला लागल्या. मग ते पापण्या उघडायला लागलं. आत अंधारात काय बघत असेल, याचा विचार मी गोदामाच्या अंधारात पुष्कळ केला.

एक दिवस ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, रोज थोडा वेळ निवांत टेकायचं आणि बाळ कसं हलतंय ते बघायचं. मी चालती-फिरती असले की त्याला झोके मिळतात, ते झोपतं. आणि कामात माझंही ध्यान नसतं. बसले की कळतं."

"मग बस की."

"कुठे बसू? शिट्टीच्या डोक्यावर?"

"आणि घरी?"

"घरी पाठ टेकली की मी मेलेली असते गं."

साहेब, ती तुमच्या केबिनमध्येही आली होती. दिवसातून थोडा वेळ बसू द्या, एवढंच मागायला. तुम्ही काय म्हणालात? "पुढच्या महिन्यात बघू." पुढच्या महिन्यात तिला नववा लागणार होता!

त्यानंतर आला तपासणीचा दिवस. सकाळी माझी सुतळी सोडताना मावशीने विचारलं, "कसं आहे गं पिल्लू?"

"आज शांत आहे."

"गुणी आहे मग. माझी तिन्ही नुसती धिंगाणा घालायची."

मित्रांनो, 'शांत' हा शब्द आपल्याकडे किती लाडका आहे बघा. शांत पोर म्हणजे चांगलं पोर. मलाही ते कौतुकच वाटलं.

त्या दिवशी शिट्टीने मुद्दाम लंबूताईलाच माझ्यावर बसवलं. पोटुशी बाई बसलेली दिसली की तपासणीवाले खूश. ती बसली. माझ्या पाठीला तिची पाठ लागली. तिने एक हात पोटावर ठेवला. मग दुसरा. मग बोटांनी एका बाजूने हलकेच दाबून पाहिलं, जसं झोपलेल्याला उठवतात. तपासणीवाल्यांनी विचारलं, "बसायला मिळतं ना?" उत्तर शिट्टीने दिलं. ती ऐकतच नव्हती. ती वाट बघत होती, आणि तिच्याबरोबर मीही. माझा आखूड पाय खडखडू नये म्हणून मी अंग आवरून उभी होते.

काहीच झालं नाही.

तपासणीवाले गेले. "चला, उठा," शिट्टी म्हणाला.

"थांबा."

"थांबा काय? गिऱ्हाईक उभं आहे."

"बाळ हलत नाहीये."

"झोपलं असेल हो."

"मी बसले की ते जागं होतं. आज होत नाहीये." तिचा आवाज चिरकला. "मावशी, काल तरी हललं होतं का गं? मला आठवतच नाहीये!"

शिट्टी पुटपुटला, "साखरपाणी द्या. संध्याकाळपर्यंत बघू."

मावशी टॉवेल टाकून पुढे आली. "संध्याकाळपर्यंत? तुझ्या बायकोच्या पोटात असतं तर बघत बसला असतास का रे मेल्या? गाडी बोलाव! आणि मी सकाळी गुणी म्हणत होते गं, जळो माझं तोंड."

लंबूताई उठू गेली, तर मावशीने तिला खांद्याला धरून परत बसवलं. मग चार बायकांनी मला तिच्यासकट उचललं. पडद्यांमधून, गिऱ्हाइकांमधून, थेट रस्त्यापर्यंत. माझे सांधे करकरले, पण सुटले नाहीत. एका गिऱ्हाईकबाईने आपली गाडी पुढे केली. मावशी लंबूताईसोबत बसली, दार लागलं, गाडी गेली, मी फुटपाथवर राहिले. मला आत घ्यायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही. लोक वळसा घालून जात होते.

मावशी परतली तेव्हा सगळ्या दारात धावल्या. ती माझ्यावर मटकन बसली.

"बाळाचे ठोके मंद पडले होते. पोट फाडून काढलं."

कोणीतरी विचारलं, "रडलं का?"

"रडली. मुलगी आहे. एवढीशी, उशीच्या अभ्र्यात मावेल. काचेच्या पेटीत ठेवलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्यावर ढकललं असतं तर..."

साहेब, तुम्ही दवाखान्यात फुलं पाठवलीत. आणि दुसऱ्या दिवशी शिट्टीने माझ्या पायांची धूळ पुसून मला सुतळी बांधली.

मित्रांनो, तुमच्या घरी आई, काकू, मामी, कोणी पोटुशी असेल तर तिला रोज बसवा. तिच्या हातातलं काम काढून घ्या. आणि ती म्हणाली की बाळ आज फारच गप्प आहे, तर कौतुक करू नका, संध्याकाळची वाट बघू नका, दवाखान्यात न्या. उगाच घाबरलो म्हणून कोणी हसलं तर हसू द्या.

आता तुम्ही, साहेब. उशांच्या काउंटरवरच्या मुलीला तिसरा महिना आहे. आज सकाळी ती ओकून आली, चूळ भरली आणि पुन्हा उभी राहिली. ती तुमच्या केबिनच्या काचेतून दिसते. तिला बसू देणार आहात का? मान हलवू नका. तोंडाने बोला.