अकरा नंबरची लाईन

२००६ साली आमच्या हॉस्पिटलला कॉम्प्युटरचं वेड लागलं. आयसीयूतले सगळे मॉनिटर ऑफिसच्या नेटवर्कला जोडून टाकले, म्हणजे डॉक्टरांना केबिनमध्ये बसून पेशंटचे ठोके दिसणार. वर हौस म्हणून बाहेरच्या हॉलमध्येही एक स्क्रीन लावला. नाशिकमध्ये असं कुणाकडे नाही म्हणे! मशीन सांभाळणारा मी. बिलिंगचा काळू ज्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हमधून गाणी ऐकतो, त्याच नेटवर्कवर पेशंटची मशीन नकोत, असं मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. माझं ऐकतो कोण?

त्या हॉलमधल्या स्क्रीनसमोर कुसाबाई बसायची. इगतपुरीकडच्या गावची. नवरा, खंडेराव, बांधावरून घसरून डोक्यावर पडला होता आणि तेव्हापासून अकरा नंबरच्या बेडवर बेशुद्ध होता. संध्याकाळी काचेतून लांबून दर्शन, एवढीच तिला परवानगी. म्हणून ती स्क्रीनवरची हिरवी रेघ धरून बसली होती. मीच तिला सांगितलं होतं, ही तुमच्या माणसाची लाईन. मग काय, ती त्या लाईनीशी बोलायलाच लागली.

"अवं, भाताची आवणी उरकली. वरच्या खाचराचा बांध फुटला व्हता, भावजींनी घातला. म्हस तुमची वाट बघती, मला धार काढू देत नाय."

लोक हसायचे. आधी मीही हसलो. पण जेवणाच्या सुट्टीत मी उगाच त्या हॉलमधून जायला लागलो, हेही खरं. माझ्याशी इतकं बोलायला कुणी नव्हतं.

शेवटी व्हायचं तेच झालं. काळूच्या गाण्यांबरोबर व्हायरस आला. बिलिंग बंद पडलं आणि पाठोपाठ आयसीयूतले दोन मॉनिटर थिजले. तृप्ती सिस्टर हाताने नाडी बघत बेडपाशी उभ्या राहिल्या म्हणून निभावलं. डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता मात्र माझं ऐकलं गेलं. आयसीयूची मशीन वेगळी करायची, बाहेर एकही वायर नको.

मी कामाला लागलो. हॉलच्या स्क्रीनकडे येणाऱ्या वायरी एकेक करून काढल्या, शेवटची अकराची उपसली आणि दारातूनच ओरडलो, "सिस्टर, अकराची लाईन काढली!"

मागे वळलो तर स्क्रीन काळा, आणि कुसाबाई खाली बसलेली. तिने बांगड्यांचा हात फरशीवर आपटायला उचलला होता. मी धावत जाऊन मनगट धरलं.

"मावशी, वायर काढली, वायर! ते आहेत! काही झालेलं नाही त्यांना!"

तृप्ती सिस्टरांनी नियम बाजूला ठेवून तिला आत नेलं, त्याची हलणारी छाती दाखवली. बाहेर येऊन ती पुन्हा त्याच जागी बसली.

"दादा, परत जोड ना."

"नाही जमायचं, मावशी. या वायरीतून नुसतं तिकडचं इकडे येत नाही, इकडचंही तिकडे जातं. म्हणून तर काढली."

"इकडचं तिकडं जातं?"

"जातं."

तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे मी बोलले ते समदं त्यांना पोचलं?"

मी व्हायरसबद्दल बोलत होतो. तसं सांगायला तोंडही उघडलं होतं.

"पोचलं," मी म्हणालो.

ती हसली. पदराने डोळे पुसले, काळ्या स्क्रीनवरून एकदा हात फिरवला.

"मग आत्ताच का रं काढलीस?" ती म्हणाली. "आजचं सांगायचं राहिलं की."