सिंधूताईंनी पाहिलेले डॉल्फिन

धम्मशीलानं आधी जहाजाची तिकिटं काढली आणि मग घरी सांगितलं. मोताळ्याच्या दवाखान्यात ती सिस्टर होती. नाताळच्या आठवड्यात तिला आणि तिच्या नवऱ्याला, प्रसेनजितला, एकाच वेळी सुट्टी मिळत होती. लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं. या वेळी तिला कोणाचं मत विचारायचं नव्हतं. विचारलं असतं तर दरवर्षीसारखी एका रविवारची लोणारची सहलच ठरली असती.

"मुंबईहून निघायचं, दोन रात्री समुद्रात राहायचं आणि परत मुंबईलाच उतरायचं," भाकरी वाढता वाढता तिनं सांगून टाकलं.

"म्हणजे जायचं कुठंच नाही?" प्रसेनजित म्हणाला. तो हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचा आणि प्रत्येक गोष्टीचा हेतू विचारायची त्याला सवय होती. "नुसतं पाणीच पाह्यचं असलं, तं आपलं नळगंगेचं धरण काय वाईट हाये?"

त्यांची दहा वर्षांची मुलगी यशू जेवायची थांबली. "डॉल्फिन दिसतील?"

"दिसले तं दिसले," प्रसेनजित म्हणाला.

त्याची आई, सिंधूताई, हिनं शेवटचा घास संपवला. ती उठली, हात धुतले आणि आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं कपाटाचं दार वाजलं. धम्मशीलानं डोकावून पाहिलं, तर सासूबाईंनी दोन्ही शाली काढून पलंगावर घड्या घालून ठेवल्या होत्या.

"आई, अजून पंधरा दिवस आहेत."

"असू दे. मी कधी बोटीत बसली नाई. माहं सामान तयार पाह्यजे."

मलकापूरहून रेल्वेनं ते मुंबईला पोचले आणि दुपारी बंदरावर आले. जहाज समोर उभं होतं, पण सिंधूताईंना ते आधी दिसलंच नाही. समोरच्या पांढऱ्या इमारतीच्या पलीकडे बोट असेल असं समजून त्या मान उंच करून बघत होत्या. ती इमारतच आपलं जहाज आहे असं यशूनं सांगितलं, तेव्हा त्यांनी खालपासून वरपर्यंत नजर फिरवली.

"हे बुडत कसं नाई?"

प्रसेनजितला हवा तसा प्रश्न मिळाला. वजन, पोकळी, बाजूला सरणारं पाणी, सगळं त्यानं रांगेत उभ्या उभ्या समजावून सांगितलं. मागच्या कुटुंबानंही कान देऊन ऐकलं. संध्याकाळी जहाज सुटलं, मुंबईचे दिवे लहान झाले, पायाखालची जमीन हळूहळू डोलायला लागली, आणि सर्वांत आधी त्यालाच मळमळायला लागलं. धम्मशीलानं त्याला गोळी दिली, लिंबू हुंगायला दिलं आणि केबिनमध्ये आडवं केलं. सिंधूताईंना काही झालं नाही. त्यांनी दोनदा जेवणाच्या हॉलला चक्कर मारली आणि जालन्याच्या एका बाईशी ओळख करून घेतली.

सिंधूताईंचं सगळं आयुष्य कापूस वेचण्यात गेलं होतं. पहाटे डोळा उघडला की त्यांना पडून राहता येत नसे. त्या पहिल्या पहाटेही त्या उठल्या, शाल पांघरली आणि जिन्यानं खालच्या उघड्या डेकवर गेल्या. तिथं कोणी नव्हतं. पूर्वेकडे थोडं उजाडलेलं होतं. कठड्याला धरून त्या उभ्या राहिल्या, आणि जहाजाच्या बाजूनं पाणी फाडत काहीतरी वर आलं.

न्याहरीला सगळे एकत्र बसले, तेव्हा त्यांनी सांगितलं. टेबलावर जालन्याची ती बाई, तिचा नवरा आणि आणखी दोघं होते.

"मी पाह्यले. धरणात म्हशी पोहतात नं, तशा काळ्या काळ्या पाठी. पण म्हशी काही उड्या मारत नाईत. हे उड्या मारत होते. पाच-सहा असतील."

"आजी, मला का नाही उठवलं?" यशूचा चेहरा पडला.

"वर येऊन तुले हाक मारू म्हणलं, तं तोवर ते गेले."

प्रसेनजितचं डोकं अजून जड होतं. रात्रभर झोप नव्हती. "माय, अंधारात लाटांच्या सावल्या असतात. त्या वर-खाली होतात. तुले तसं वाटलं असंल."

"लाट श्वास घेते का? मी आवाज ऐकला."

"तुले काय, कुठं बी काई बी दिसते," तो म्हणाला. जालनेकर बाईचा नवरा मोठ्यानं हसला, आणि मग टेबलावरचे बाकीचेही हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. पण सिंधूताईंनी कप खाली ठेवला आणि चहा अर्धाच राहिला.

त्या दिवशी यशूनं समुद्र सोडला नाही. डेकवर पोहण्याचा तलाव होता, जादूगाराचा खेळ होता, नाताळचं झाड होतं. तिनं कशाकडे पाहिलं नाही. कठड्याशी उभी राहून ती उन्हानं लाल झाली. एकदा तिला काहीतरी चमकताना दिसलं म्हणून सगळे धावले, तर ती तरंगणारी बाटली निघाली. दुपारनंतर प्रसेनजितची मळमळ थांबली, त्याला भूक लागली, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आई कोणाशी बोलत नाहीये. काल अर्ध्या जहाजाशी ओळख केलेली बाई आज एका खुर्चीत शाल ओढून बसली होती. जालनेकर बाई हाक मारून गेली, तरी ती उठली नव्हती.

तो तिच्याजवळ जाऊन बसला. त्यानं विचारलं, "जेवली का?"

"जेवली."

"उद्या पहाटे जाशील का खाली?"

"मी जाईन. तुमी झोपा." आणि शाल आणखी ओढून घेत ती म्हणाली, "कोणाले बोलावून राह्यली नाई मी."

दुसऱ्या पहाटे प्रसेनजितला आपोआप जाग आली. आईचा पलंग रिकामा होता. धम्मशीलाचाही. यशू तोंडापर्यंत पांघरूण घेऊन गाढ झोपली होती. दिवसभर उभी राहिली होती पोर, तिला उठवावंसं त्याला वाटलं नाही. चपला शोधण्यात वेळ न घालवता तो तसाच खाली उतरला.

डेकवर सासू-सून शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोघींनी एकच शाल लपेटली होती. धम्मशीलाच्या हातात चहाचा कागदी कप होता आणि दोघी त्यातूनच आळीपाळीनं पीत होत्या.

"तू केव्हा आलीस?" त्यानं विचारलं.

"यांच्याबरोबरच. काल पण मला यायचं होतं, पण तुम्ही ओकत होतात."

"तुले खरं वाटलं होतं?"

"आईंनी आवाज ऐकला म्हटलं नं," धम्मशीला म्हणाली. "श्वासाचा आवाज दिवसभर ऐकते मी. तो आवाज दुसरं काही असू शकत नाही."

सिंधूताईंनी मुलाकडे पाहिलं नाही, पण थोड्या सरकून त्याला कठड्याशी जागा दिली. तिघं उभे राहिले. वारा गार होता, पाणी शाईसारखं होतं. बराच वेळ काहीच झालं नाही. प्रसेनजितच्या मनात आलं, आज दिसले नाहीत तरी आपण दिसले म्हणून सांगू.

मग खालून आवाज आला. कोणीतरी लांबून धावून आल्यावर दम सोडावा तसा. आणि पुन्हा एक, अगदी जवळ.

"हा," सिंधूताई म्हणाल्या.

काळी ओली पाठ वर आली, वळली आणि आत गेली. तिच्यामागून दुसरी. प्रसेनजितनं एवढंच पाहिलं आणि तो मागे फिरून पळत सुटला.

"अहो, कुठं?" धम्मशीलानं हाक मारली, पण तो जिन्यावर पोचला होता.

त्या लांब बोळातली सगळी दारं सारखी होती. घाईत तो एक मजला जास्त चढला आणि त्यानं भलत्याच दारावर थापा मारल्या. दार उघडलं जालनेकर बाईच्या नवऱ्यानं, बनियनवर, डोळे चोळत.

"डॉल्फिन," प्रसेनजित धापा टाकत म्हणाला, "खाली. माय बरोबर बोलत होती."

आणि तो पुढं धावला. खालच्या मजल्यावर आपली केबिन सापडली, तेव्हा त्यानं यशूला उठवत बसण्यात वेळ घालवला नाही. पांघरुणासकट उचलली आणि खांद्यावर टाकली. जिन्यात ती जागी झाली.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही. गेले नसले म्हणजे बरं."

ते गेले नव्हते. उलट जास्त झाले होते. उजेड वाढला होता आणि जहाजाच्या पोटाशी उठणाऱ्या लाटेवर ते घसरत होते, बाहेर झेप घेत होते, अंग वळवून पांढरं पोट दाखवत होते. जहाजाशी त्यांची शर्यत लागली होती आणि ती त्यांना सहज जिंकता येत होती, तरी पुढं निघून न जाता ते परत परत मागे येत होते. एक लहानसं पिल्लू आईच्या अंगाला चिकटून, तिच्याबरोबरच वर येत होतं, बरोबरच खाली जात होतं.

यशू कठड्याला चिकटून उभी राहिली. पांघरूण खाली गळून पडलं, तेही तिला कळलं नाही. तिनं फक्त आजीचा हात धरला आणि पिल्लू वर आलं की दाबला, पुन्हा आलं की पुन्हा दाबला.

मागून माणसं यायला लागली. जालनेकर बाईचा नवरा वाटेतली दारं वाजवत बनियनवरच आला होता, ती स्वेटर चढवत मागून. कोणी मुलांना खांद्यावर घेतलं, कोणी झोपलेल्या म्हाताऱ्याला खुर्चीसकट आणलं. एका उडीसरशी सगळ्यांच्या तोंडून एकदम श्वास सुटला आणि मग सगळे आपल्याच आवाजाला हसले.

"ताई, कालचं मनावर घेऊ नका," जालनेकर बाईचा नवरा सिंधूताईंना म्हणाला.

"आता पाहा नं बाप्पा, बोलता काऊन?" त्या म्हणाल्या. त्यांची नजर पाण्यावरून हलली नव्हती.

प्रसेनजित आईच्या मागं उभा होता. त्याच्या पायांना लोखंड गार लागत होतं. त्यानं तिच्या खांद्यावरून सरकलेली शाल नीट केली. तिनं मागं न बघता त्याचा हात थोपटला, लहानपणी तापात थोपटायची तसा, आणि बोट पुढं करून म्हणाली, "तो पाह्य, तो कान फाटलेला. काल बी तोच होता."

"माय, त्याले बाहेर कान नसते. तो पाठीवरचा पंख हाये."

"पंख तं पंख. पण तोच होता."

"हाव," प्रसेनजित म्हणाला. "तोच असंल."

सूर्य वर आला तशी ती सगळी टोळी एकाएकी वळली आणि उन्हाच्या पट्ट्यात शिरली. लोक बराच वेळ तिथंच रेंगाळले.

मोताळ्याला परतल्यावर दुसऱ्या दिवशी बाजार होता. वांगी-मेथी घेऊन येणारी शेजारची गीताबाई बाजार उरकून परस्पर ओट्यावर येऊन टेकली. सिंधूताईंनी मलकापूरच्या फलाटापासून सुरुवात केली. चहा होऊन गेला, तेव्हा कुठं जहाज बंदरातून सुटलं होतं. यशूनं मधेच तोंडानं श्वासाचा तो आवाज काढून दाखवला, तर गल्लीतली चार पोरं येऊन तसाच आवाज काढत बसली. प्रसेनजित शाळेतून आला. बूट काढता काढता तो थांबला आणि आत न जाता पायरीवरच बसला. गीताबाईनं भाजीची टोपली ओढून त्याला जागा करून दिली.

"मंग?" तिनं सिंधूताईंना विचारलं. "मंग काय झालं?"