एका बाजूला थांबा, दुसऱ्या बाजूला जा

मी दांड्यावरचा गोल फलक बोलतोय. ताटाएवढा पत्रा, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरवा. लाल बाजूवर 'थांबा' लिहिलं होतं, हिरव्या बाजूवर 'जा'. रंगाऱ्याने 'थां' इतका ऐसपैस काढला की 'बा'ला जागाच उरली नाही. तो बिचारा कडेला अंग चोरून उभा राहिला.

माझा जन्म मोठ्या रस्त्याच्या कामासाठी झाला. तिथे निम्मा रस्ता खोदलेला असायचा आणि उरलेल्या निम्म्यावरून आळीपाळीने गाड्या सोडायच्या. माझ्यासमोर गाड्यांची रांग, मागे नुसता धुरळा. माझी पाठ वाचायला तिथे कुणी नव्हतं. रस्ता झाला आणि मला गोदामात फावड्यांखाली टाकून दिलं. दोन वर्षं! त्या दिवसांबद्दल न बोललेलंच बरं.

मग मी या गल्लीत आलो. दोन्ही बाजूंना घरं, पायऱ्यांवर कुंड्या, भिंतींना टेकवलेल्या सायकली. मधलं एक जुनं घर पाडून तिथे पाच मजल्यांची इमारत उभी राहत होती. वाळूचे, विटांचे ट्रक आणि काँक्रीटचे मिक्सर यायचे. आत गाडी वळवायला जागा नाही, म्हणून सगळे सरळ आत जात आणि मागे मागे बाहेर येत. म्हणजे बाहेर येताना ड्रायव्हरला मागचं फारसं काही दिसत नसे.

मला ताईंच्या हाती दिलं. ताई आधी शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायच्या-उतरवायच्या, त्यामुळे आवाज खणखणीत. हॉर्न बडवणाऱ्या ट्रकवाल्याला त्या शांतपणे सांगायच्या, "दादा, एवढी घाई होती तर काल यायचं होतं!" गल्लीतले एक हेकट आजोबासुद्धा त्यांच्यापुढे निमूटपणे कडेला होत. ताईंच्या हातात मी खूश होतो.

भानगड झाली ती रिव्हर्सच्या हॉर्नमुळे. ट्रक मागे येऊ लागला की तो 'पीं पीं पीं' करत राहतो. कोपऱ्यावरच्या घरातली सून एका दुपारी साइटवर आली. कडेवर तीन महिन्यांचं बाळ, डोळ्यांखाली काळं.

"ताई, जरा डोळा लागला की ते पीं पीं सुरू होतं आणि बाळ दचकून उठतं. मीही माणूसच आहे हो!"

साइटवरचे साहेब भले माणूस. त्यांना दया आली. त्यांनी ड्रायव्हरांना फर्मान काढलं, दुपारी एक ते चार हॉर्नची वायर काढून ठेवायची.

ताई म्हणाल्या, "साहेब, बोर्ड बघणाऱ्याला दिसतो. न बघणाऱ्याचं काय?"

"मग तुम्ही कशाला आहात?" साहेब हसत म्हणाले.

खरं सांगतो, मी तेव्हा फुशारून गेलो. तीन तास सगळी गल्ली एकट्या माझ्या भरवशावर! पत्रा थोडा जास्तच ताठ झाला असेल.

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. बाळ झोपत होतं, सूनबाईंच्या चेहऱ्यावर रंग आला होता. मग एका दुपारी ताईंनी आतल्या मिक्सरला हाताने खूण केली आणि तो मागे निघाला. तेवढ्यात मोठ्या रस्त्याकडून विटांचा ट्रक गल्लीत घुसला. त्याची वेळ चारची होती, आला अडीचला. ताई धावत त्याच्यासमोर गेल्या आणि त्यांनी मला वर धरलं. लाल बाजू त्याच्याकडे.

म्हणजे हिरवी बाजू मागे, गल्लीच्या आतल्या टोकाला, कोपऱ्यावरच्या घराकडे.

तिकडून सूनबाई बाबागाडी ढकलत येत होत्या. झोपलेल्या बाळाला फिरवायला निघाल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, 'जा' वाचलं आणि निघाल्या. मिक्सर पीं पीं न करता साइटच्या फाटकातून मागे येत होता. मला बाबागाडी दिसत होती, चाकं दिसत होती, आणि माझ्या अंगावर ठळक अक्षरांत 'जा' लिहिलेलं होतं. मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो.

विटांच्या ट्रकवाल्याने उंचावरून पाहिलं. "ताई, मागे बघा! बाळ!"

ताई वळल्या, धावल्या आणि त्यांनी मला मिक्सरच्या मागच्या पत्र्यावर सगळ्या ताकदीनिशी आपटलं. धाडकन आवाज झाला. करकचून ब्रेक लागला. बाबागाडी आणि चाक यांच्यामध्ये वीतभर जागा राहिली. माझा दांडा मोडला. बाळ झोपलेलंच होतं.

साहेब धावत आले आणि ताईंवरच ओरडले. "लक्ष कुठे होतं तुमचं?"

सूनबाई मध्ये बोलल्या. "त्यांना काही बोलू नका. हॉर्न मी बंद करायला लावला. आणि मला 'जा' दिसलं."

"दिसलंच होतं तुम्हाला," ताई म्हणाल्या. "मीच दाखवलं." एवढं बोलून त्या विटांच्या ढिगावर बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडल्या. बराच वेळ मला कुणी उचललंच नाही.

त्याच संध्याकाळी हॉर्नच्या वायरी जोडल्या गेल्या. वेळेआधी आलेला ट्रक आता मोठ्या रस्त्यावरच थांबतो. ताईंनी मला नवा दांडा बसवला आणि माझी हिरवी बाजू स्वतः लाल रंगवली. अक्षर वाकडं आहे, पण 'थांबा' नीट वाचता येतं. आता मी दोन्हीकडून एकच सांगतो. जायची वेळ झाली की ताई सगळं बघून हाताने बोलावतात. आजोबांना तर दंडाला धरून पलीकडे नेतात.

माझं एवढंच मागणं आहे. माझ्याकडे बघा, पण नुसतं माझ्याकडे बघून पाऊल टाकू नका. मी पत्रा आहे, चुकीच्या दिशेलाही तितकाच ताठ उभा राहतो.

आत्ताच एक मिक्सर मागे आला. पीं पीं झालं आणि कोपऱ्यावरच्या घरात बाळ भोकाड पसरून रडायला लागलं. ताईंनी मला भिंतीला टेकवलं आणि ते रडणं थांबेपर्यंत त्या ऐकत उभ्या राहिल्या.