उजव्या चाकाची खुर्ची

हे मी सांगणारच नव्हते. लाकडाचं कोण ऐकतंय, असं वाटायचं. पण परवा एका पाहुण्यानं मला समोरूनच बघून "मुंबईची का?" म्हणून विचारलं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. त्याआधी मी पाटणच्या एका बैलगाडीचं उजवं चाक होते. अस्सल बाभूळ. पुढं ऊस न्यायला टायरच्या गाड्या आल्या आणि आम्ही दोन्ही चाकं गोठ्यामागं पडलो. धोंडिराम सुतारानं आम्हाला उचललं. चाकाचा वाकडा घेर कापून त्यानं हात केले, आऱ्यांचे पाय केले. हातांच्या टोकाला चाकाच्या मधल्या तुंब्याचे दोन तुकडे बसवले. त्या तुंब्यानं वर्षानुवर्षं एरंडेलाचं वंगण प्यालेलं.

उजव्या चाकाची मी, डाव्याची माझी मैत्रीण. जन्मभर आम्ही बरोबर फिरलो, पण एकमेकींना कधी शिवलो नव्हतो. साताऱ्याला नाथाजीशेटच्या फर्निचरच्या दुकानात पहिल्यांदा तिचा हात माझ्या हाताला लागला.

तिथं आम्हाला पॉलिश फासलं आणि पाठीवर पत्र्याची पट्टी ठोकली, 'मुंबई मेक'.

"गाव सांगायचं न्हाई," शेटनं धोंडिरामला बजावलं. "पाटणची खुर्ची कोन घेतंय रं? तोंड उघडलंस की तुजा माल बंद."

गाड्यांचं काम संपलेलं. दुसरं गिऱ्हाईक नाही. धोंडिराम गप्प बसला.

मी नाही बसले. मला आकाराम सुभेदारांनी घरी नेलं, पेन्शनीत निघालेले फौजी. चैताचं ऊन तापलं तसं मी आतलं सगळं वंगण वर आणलं, पॉलिश फोडून. सुभेदारांच्या पांढऱ्या बाह्या काळ्या झाल्या. मला रिक्षात घालून ते तडक दुकानात आले.

"शेट, तुमची मुंबई माज्या बाहीला लागलीया."

"पॉलिश हाय सुभेदार, उन्हानं सुटतंय."

सुभेदारांनी बाही हुंगली. "पॉलिशला एरंडेलाचा वास? आवं, गाडीवर जन्म गेला माज्या बापाचा. हे चाक हाय. कुणी केली ही?"

नेमका तेव्हाच धोंडिराम डोक्यावर दोन नव्या खुर्च्या घेऊन दारात आला होता.

"ह्याला काय म्हाईत? हमाल हाय आमचा," शेट म्हणाले.

धोंडिरामनं माझ्याकडं बघितलं. माझ्या काळ्या झालेल्या हाताकडं.

"हमाल न्हवं," तो म्हणाला. "सुतार हाय मी. गाडी माज्या बानं केलती, खुर्ची मी केली. पाटणात."

"मग ह्या दोन बी घिऊन जा पाटणला. परत येऊ नगंस."

"जातो की."

"थांब गड्या," सुभेदार म्हणाले. "पटाशी हाय का जवळ?"

पटाशीनं त्यांनी ती पट्टी तिथंच उचकटली आणि शेटच्या गल्ल्यावर ठेवली. मग धोंडिरामनं माझ्या पाठीवर कोरलं, 'धोंडिराम, पाटण', आणि सुभेदारांनी मला परत घरी नेलं.

शेटनं त्याचा माल खरंच बंद केला. तो आता पाटणच्या बाजारात स्वतःच्या नावानं बसतो. कधी खपतं, कधी सगळं परत घरी नेतो. पण नाव कोरल्याशिवाय एक स्टूलही विकत नाही.

मित्रांनो, खुर्चीवर खुशाल बसा, पण आधी तिचं गाव विचारा.

माझी मैत्रीण अजून त्याच दुकानात आहे, पट्टी लावून. निघताना मी तिला शब्द दिलाय. डाव्या चाका, तू दम धर. जो कोणी माझ्यावर बसेल त्याच्या बाहीला मी पाटण लावून सोडीन, आणि एक दिवस त्यातलाच कुणीतरी तुझी पट्टी उचकटायला येईल.